ओपनबीएमसी बिल्ड करून बोर्डावर चढवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रबाळे, महापे, ऐरोली या पट्ट्यात सर्व्हर रूममध्ये रात्रपाळी करणारे सहकारी आणि ठाणे-कल्याणकडच्या कॉलेजांतले विद्यार्थी मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. ओपनबीएमसी म्हणजे सर्व्हरमधल्या बीएमसी या चिपसाठीचं, लिनक्सवर उभं असलेलं खुल्या कोडचं फर्मवेअर. मी दिवसा याच पट्ट्यात काम करतो आणि संध्याकाळी डोंबिवलीच्या घरी दोन जुन्या सर्व्हर बोर्डांवर हेच करत बसतो. मी शिकत होतो तेव्हा या विषयावर मराठीत काही हाताला लागलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, स्मॉल अक्षरांत टाइप करायच्या.

बीएमसी म्हणजे नक्की काय?

मुंबईत हा शब्द उच्चारला की महापालिका डोळ्यांसमोर येते, त्यामुळे आधीच सांगतो: इथे बीएमसी म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. सर्व्हरच्या मदरबोर्डावर बसवलेला हा एक वेगळा, छोटा संगणक. त्याचा प्रोसेसर वेगळा, रॅम वेगळी, फ्लॅश वेगळी, बहुतेक वेळा नेटवर्कचा पोर्टही वेगळा. मुख्य सर्व्हर बंद असला तरी पॉवर केबल लावलेली आहे तोवर तो स्टँडबाय विजेवर जागा असतो. सर्व्हर चालू-बंद करणं, तापमान वाचणं, पंख्यांचा वेग ठरवणं, सर्व्हरचा कन्सोल दूरवर बसलेल्या माणसाला दाखवणं ही त्याची कामं.

ताकदीने तो बेताचाच असतो. बाजारात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या अ‍ॅस्पीड कंपनीच्या एएसटी 2500 चिपमध्ये 800 मेगाहर्ट्झचा एकच एआरएम कोर असतो आणि सोबत साधारण 32 एमबी फ्लॅश. नंतरच्या एएसटी 2600 मध्ये दोन कॉर्टेक्स-ए7 कोर आले आणि फ्लॅश 64 किंवा 128 एमबी झाली. एवढ्याशा जागेत पूर्ण लिनक्स मावतो.

कंपनीचं फर्मवेअर नीट चालतंय. मग हा खटाटोप कशाला?

कारण सर्व्हरवर सगळ्यात जास्त अधिकार या चिपकडे असतो. होस्टवर, म्हणजे मुख्य सर्व्हरवर, तुम्ही कितीही फायरवॉल लावा, बीएमसी हातात आलेला माणूस वेगळी डिस्क इमेज जोडून सर्व्हर बूट करू शकतो, बायोस बदलू शकतो, वीज तोडू शकतो. आणि हे सगळं होस्टच्या लॉगमध्ये दिसत नाही. इतका अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्या आत काय चालतं हे मालकाला वाचता आलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

दोन उदाहरणं देतो. 2019 मध्ये सीव्हीई-2019-6260 ही सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाली. एएसटी 2400 आणि 2500 चिपमधल्या काही अंतर्गत पुलांमधून होस्टवरचा प्रोग्रॅम थेट बीएमसीच्या मेमरीत वाचू-लिहू शकत होता. ओपनबीएमसी वापरणाऱ्यांना ते पूल बंद करणारा बदल कोडमध्ये बघता आला आणि स्वतःच्या इमेजमध्ये घालता आला. बाकीच्यांना आपापल्या उत्पादकाची वाट बघावी लागली. दुसरी सीव्हीई-2024-54085: एका प्रचलित बीएमसी फर्मवेअरमध्ये लॉगिनच टाळून आत शिरता येत होतं. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने तिचा समावेश प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या त्रुटींच्या यादीत केला.

माझं कारण मात्र साधं होतं. घरातल्या एका बोर्डाला उत्पादकाकडून अपडेट येणं थांबलं. बोर्ड धडधाकट, प्रोसेसर उत्तम, पण वेब पानावर जुनं टीएलएस (जोडणी सुरक्षित करणारी पद्धत), त्यामुळे ब्राउझर ते उघडायलाच तयार नाही. चांगला बोर्ड निव्वळ फर्मवेअरपायी भंगारात द्यायला मन धजेना.

ओपन आहे म्हणून आपोआप सुरक्षित होत नाही, हेही इथेच सांगतो. वाचायची आणि दुरुस्त करायची सोय आहे. वाचायचं आणि दुरुस्त करायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

हा प्रकल्प कोणाचा?

फेसबुकच्या इंजिनिअरांनी आपल्या वेज नावाच्या नेटवर्क स्विचसाठी हे काम सुरू केलं आणि 2015 मध्ये कोड खुला केला. आयबीएमनेही आपल्या पॉवर सर्व्हरसाठी याच नावाने स्वतंत्र काम चालवलं होतं. मार्च 2018 मध्ये लिनक्स फाउंडेशनखाली एकत्रित प्रकल्प उभा राहिला; सुरुवातीला फेसबुक, गूगल, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट हे पाच जण होते. फेसबुकची मूळ शाखा आजही वेगळी आहे. शोधताना दोन्हींचे कोड समोर येतात आणि नवशिके गोंधळतात. या पानावर जे लिहिलं आहे ते लिनक्स फाउंडेशनच्या शाखेबद्दल.

माझ्याकडच्या सर्व्हरवर चालेल का?

बहुतेक ब्रँडेड सर्व्हरवर नाही. त्यांचा बीएमसी फक्त उत्पादकाने सही केलेलं फर्मवेअर स्वीकारतो. जबरदस्ती केलीत तर वॉरंटी जाईल, बोर्डही जाऊ शकतो.

चालण्याची शक्यता कुठे असते? आधी चिप बघा. बोर्डावर अ‍ॅस्पीडची 2400, 2500, 2600 किंवा नुव्होटॉनची एनपीसीएम मालिका असेल तर अर्धं काम झालं. मग ओपनबीएमसीच्या मुख्य फोल्डरमध्ये 'मेटा' ने सुरू होणारे उत्पादकांचे लेयर (बोर्डांच्या माहितीचे फोल्डर) बघा आणि त्यांत तुमच्या बोर्डाचं नाव शोधा. उदाहरणार्थ अ‍ॅसरॉकचा ई3सी246डी4आय हा छोटा बोर्ड तिथे आहे आणि शिकायला फार चांगला आहे. नाव नसेल तर बोर्ड स्वतः जोडावा लागतो, त्याबद्दल पुढे.

ऑफिसच्या, ग्राहकांचं काम चालू असलेल्या सर्व्हरवर पहिला प्रयोग करू नका. ही विनंती नाही, अट समजा.

बोर्डच नाही. तरी शिकता येईल का?

येईल, आणि मी तर म्हणेन बोर्ड असला तरी पहिले दोन आठवडे असंच शिका. क्यूएमू या एम्युलेटरमध्ये रोम्युलस नावाचा एएसटी 2500 वाला बोर्ड तयार मिळतो. बिल्ड झालेली इमेज त्याला द्यायची आणि बघत बसायचं: आधी यू-बूट (कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर), मग कर्नलच्या ओळी, मग सिस्टमडीच्या सेवा एकेक करून हिरव्या 'ओके' सह वर येतात, आणि शेवटी लॉगिन. युजर रूट. पासवर्डचं पहिलं अक्षर ओ दिसतं, पण तो शून्य आहे. पुढे 'पेनबीएमसी', त्यात फक्त बी कॅपिटल. या शून्यापाशी निदान दहा जणांनी मला फोन केला आहे.

एम्युलेटरमध्ये पंखे आणि होस्ट खरे नसतात, त्यामुळे काही सेवा रडतात. ते चालायचंच. पण रेडफिश (बीएमसीशी नेटवर्कवरून बोलायचं मानक), युजर, नेटवर्क, लॉग, डी-बस (सेवांची आपसात बोलायची वाट) हे सगळं खऱ्यासारखं हाताळता येतं.

बिल्डसाठी कसली मशीन लागते?

लिनक्स, 16 जीबी रॅम, निदान 100 जीबी मोकळी एसएसडी आणि धीर. इमेज 32 एमबीची असली तरी ती बनवताना कंपायलरपासून सगळं मुळापासून बांधलं जातं, कारण ओपनबीएमसी योक्टो प्रकल्पाच्या बिटबेक या साधनावर उभं आहे. माझ्या आठ कोरच्या मशीनवर पहिला बिल्ड रात्री जेवणानंतर लावला तर झोपायच्या वेळेपर्यंत होत नाही. नंतरचे बिल्ड काही मिनिटांत होतात, कारण आधी झालेलं काम साठवलेलं असतं.

म्हणून दोन फोल्डर पहिल्याच दिवशी बिल्डच्या बाहेर काढा: डाउनलोडचा आणि एसस्टेटचा, म्हणजे आधी झालेलं काम साठवणारा. दोन्हींचे पत्ते लोकल डॉट कॉन्फ या बिल्डच्या सेटिंग फाइलमध्ये लिहिता येतात. बिल्ड फोल्डर पुसला तरी हे दोन राहतात. कॉलेजच्या लॅबमध्ये एकाच मशीनवर डाउनलोड करून तो फोल्डर पेन ड्राइव्हवर बाकीच्यांना दिला, तर लॅबच्या इंटरनेटवर बारा जण एकदम तुटून पडत नाहीत.

विंडोजवर डब्ल्यूएसएल 2 (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) मध्येही होतं, पण फोल्डर लिनक्सच्या बाजूला ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवलात तर वेग इतका मंदावतो की काहीतरी अडकलं आहे असंच वाटतं.

बिल्ड नेमका कसा करायचा?

गिटने ओपनबीएमसीचा मुख्य कोड उतरवा. त्या फोल्डरमध्ये जाऊन एक टिंब, जागा आणि 'सेटअप रोम्युलस' असं चालवा. टिंब विसरू नका. त्यामुळेच बिल्डचं वातावरण तुमच्या चालू शेलमध्ये तयार होतं. मग 'बिटबेक ओबीएमसी-फॉस्फर-इमेज'. संपलं.

इमेज बिल्ड फोल्डरच्या आत 'टीएमपी', 'डिप्लॉय', 'इमेजेस' आणि मग बोर्डाचं नाव अशा वाटेने सापडते. तिथे दोन फाइलींकडे लक्ष द्या. 'स्टॅटिक डॉट एमटीडी' ने संपणारी ही पूर्ण फ्लॅशची प्रत: यू-बूट, कर्नल, फाइल सिस्टिम सगळं. ती एम्युलेटरला किंवा प्रोग्रॅमरने थेट चिपला द्यायची. 'एमटीडी डॉट टार' ने संपणारी ही नेटवर्कवरून अपडेटसाठी. तिच्यात मॅनिफेस्ट आणि सह्याही असतात. वेब पानावरून चुकीची फाइल चढवली की अपडेट नाकारलं जातं, आणि माणूस तासभर नेटवर्कला दोष देत बसतो.

बिल्ड मध्येच फुटला. आता?

सगळ्यात आधी वर स्क्रोल करा आणि *पहिली* लाल ओळ वाचा. शेवटची नव्हे. शेवटच्या वीस चुका पहिल्या चुकीतून जन्मलेल्या असतात.

नेहमीची कारणं सांगतो. रूट म्हणून बिटबेक चालतच नाही. साध्या युजरने चालवा. फोल्डरच्या नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणजे 'माझा प्रोजेक्ट' सारखं दोन शब्दांचं नाव नको. मशीनवर अमेरिकन इंग्रजीचा यूटीएफ-8 लोकेल लागतो; ज्यांनी हौसेने पूर्ण सिस्टिम मराठीत ठेवली आहे त्यांनी ती तशीच ठेवावी, फक्त तो लोकेलही तयार करून घ्यावा. उबुंटू 24.04 वर अ‍ॅपआर्मर युजर नेमस्पेस अडवतं आणि बिटबेक सुरुवातीलाच थांबतो. संदेशात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि कंपायलर काही न सांगता 'किल्ड' म्हणून मेला तर रॅम संपली. एका वेळी चालणाऱ्या कामांची संख्या निम्मी करा.

एक चूक वेगळी आहे: सगळं बांधून झाल्यावर अगदी शेवटी 'इमेज फार मोठी आहे' असं येतं. हौसेने टाकलेली पॅकेजेस 32 एमबीत मावत नाहीत. माझ्या बाबतीत हे पायथॉन घातल्यावर झालं. बीएमसीवर पायथॉनची गरज नसते, काढून टाका.

यादीत नसलेला बोर्ड कसा जोडायचा?

हा खरा कामाचा भाग. इथे घाई केली की पुढे महिनाभर फेडत बसावं लागतं.

तीन गोष्टी लिहाव्या लागतात. पहिली, कर्नलसाठी डिव्हाइस ट्री: कोणत्या आय-स्क्वेअर-सी बसवर (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांवर) कोणती चिप कोणत्या पत्त्याला बसली आहे, कोणती जीपीआयओ (चालू-बंद संकेताची) पिन पॉवर बटणाला जाते, पंख्यांचे टॅकोमीटर (वेगमापक) कुठे येतात. दुसरी, मशीनचा लेयर: बोर्डाचं नाव, फ्लॅशचा आकार, कोणत्या सेवा हव्यात. तिसरी, एंटिटी मॅनेजर या बोर्ड ओळखणाऱ्या सेवेसाठी जेसन फाइल: सेन्सरांची नावं, मर्यादा, आणि बोर्ड ओळखायचा कशावरून, म्हणजे बहुधा ईईप्रॉम या छोट्या मेमरी चिपमध्ये लिहिलेल्या फ्रू माहितीवरून (उत्पादक, मॉडेल, नंबर).

सर्किटचा नकाशा मिळत नाही तेव्हा काय? मूळ फर्मवेअर चालू असतानाच माहिती गोळा करा. त्याची सेन्सर यादी काढा, नावं आणि आकडे लिहून ठेवा. मग ओपनबीएमसी चढवल्यावर प्रत्येक आय-स्क्वेअर-सी बस स्कॅन करा. हेक्स 48 च्या आसपास काही सापडलं तर ते बहुधा तापमानाचा सेन्सर, 50 च्या आसपास तर ईईप्रॉम. हेअर ड्रायर लांबून, मंद ठेवून बोर्डाच्या एकेका कोपऱ्यावर धरला की कोणता आकडा चढतो त्यावरून सेन्सरची जागा कळते. मी वहीत बोर्डाचं चित्र काढून प्रत्येक आकड्याची जागा पेन्सिलीने भरली. ती वही आजही माझ्या टेबलावर आहे आणि कोणत्याही फाइलपेक्षा जास्त वेळा उघडली गेली आहे.

पॉवर जीपीआयओ मात्र अंदाजाने ठरवू नका. चुकीची पिन खेचली तर काय होईल ते पिन कुठे जाते त्यावर अवलंबून असतं, आणि ते तर आपल्याला ठाऊकच नसतं. मल्टिमीटर घ्या, पॉवर हेडरपासून तार शोधत जा.

सर्व्हर चालू केला की पंखे पूर्ण वेगाने फिरतात, थांबतच नाहीत. काय चुकलं?

बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. बीएमसी घाबरलेला असतो. पंख्यांची सेवा, म्हणजे फॉस्फर-पीआयडी-कंट्रोल, ज्या सेन्सरवर अवलंबून आहे त्याचा आकडा आला नाही तर फेलसेफमध्ये जाते आणि पंखे ठरवलेल्या सुरक्षित वेगावर नेते. तो वेग लोक 100 टक्के ठेवतात, आणि बरोबरच करतात.

जेसनमध्ये सेन्सरचं नाव आणि पंख्याच्या झोनमध्ये (एकत्र चालणाऱ्या पंख्यांच्या गटात) लिहिलेलं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. माझ्याकडे एका ठिकाणी 'इनलेट टेम्प' होतं आणि दुसरीकडे मध्ये अंडरस्कोर. रात्री अकराला पंखे सुटले, आणि दोन खोल्यांच्या घरात एक-यू सर्व्हरचे सहा पंखे पूर्ण वेगाने फिरतात तेव्हा काय होतं ते ज्याने ऐकलं आहे त्यालाच कळेल. आई उठून आली, शेजारच्या काकांनी दार वाजवलं. तेव्हापासून मी जर्नल, म्हणजे सेवांचा लॉग, आधी वाचतो. सेवेने तिथे कोणता सेन्सर सापडला नाही ते सरळ लिहिलेलं होतं.

आवाज नको म्हणून फेलसेफचा वेग कमी करू नका. मुंबईत मे महिन्यात एसी अर्धा तास बंद पडला तर खोली किती तापते हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

पहिल्यांदा फ्लॅश कशी लिहायची? आणि बोर्ड मेला तर परत कसा आणायचा?

दोन्हींचं उत्तर एकच: एसपीआय प्रोग्रॅमर, म्हणजे फ्लॅश चिप थेट वाचणारं-लिहिणारं उपकरण, आणि चिपवर बसणारी क्लिप. ग्रँट रोड स्टेशनवरून लॅमिंग्टन रोडला चालत जा, दोन-तीन दुकानांत विचारलं की मिळतं. जाण्याआधी बोर्डावरच्या फ्लॅश चिपचा फोटो काढा आणि तिचे पाय मोजा. बायोसची चिप आठ पायांची आणि बीएमसीची सोळा पायांची, असं बऱ्याच बोर्डांवर असतं, आणि लोक आठची क्लिप घेऊन घरी येतात. चिपवरचा नंबर शोधून व्होल्टेजही बघा: 3.3 की 1.8.

स्वस्तातल्या काळ्या सीएच341ए प्रोग्रॅमरबद्दल खास सांगतो. त्याच्या बऱ्याच प्रतींत चिपला वीज 3.3 व्होल्टची मिळते, पण डेटाच्या तारा 5 व्होल्टवर चालतात. काही चिपा ते सोसतात, काही मरतात. मल्टिमीटरने मोजल्याशिवाय वापरू नका.

आता काम. सर्व्हरची पॉवर केबल *काढा*. नुसता बंद करून उपयोग नाही, बीएमसी जागाच असतो. दोन मिनिटं थांबा. चिपच्या कोपऱ्यातला बारीक ठिपका म्हणजे एक नंबरचा पाय. क्लिपची लाल तार त्या बाजूला. क्लिप सरळ वरून दाबा, जरा हलवून बघा, सगळे पाय पकडले की ती डगमगत नाही. मग फ्लॅशरॉम या प्रोग्रॅमने मूळ फर्मवेअर वाचून घ्या. परत एकदा वाचा. दोन्ही फाइलींचे हॅश (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळले तरच ती प्रत खरी. जुळले नाहीत तर क्लिप नीट बसलेली नाही. काढा, चिपचे पाय स्पिरिटने पुसा, पुन्हा बसवा. पावसाळ्यात आपल्याकडे पायांवर ओलसर काजळी धरते, त्यामुळे जून ते सप्टेंबर हे पुसणं पहिल्यांदाच करा.

ती मूळ प्रत दोन ठिकाणी जपून ठेवा. ती हातात आहे तोवर बोर्ड मेलेला नाही.

दोन बोर्डांपैकी एकच नेटवर्कवर दिसतो. असं का?

दोघांचा मॅक पत्ता (नेटवर्क पोर्टाची स्वतःची ओळख) एकच झाला आहे का ते बघा. मी हीच चूक केली होती. एका बोर्डाची पूर्ण फ्लॅश वाचून तीच प्रत दुसऱ्यावर लिहिली. मॅक पत्ता यू-बूटच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे फ्लॅशमध्येच असतो, त्यामुळे तोही सोबत गेला. दोन दिवस स्विच, केबल, राउटर सगळं बदलून झालं. मूळ फर्मवेअर पुसण्याआधी मॅक पत्ता कागदावर लिहा आणि टेपने बोर्डावर चिकटवा.

पुढची अपडेट नेटवर्कवरून चालतील ना?

हो. वेब पानावरून किंवा रेडफिशच्या अपडेट सर्व्हिसला टार फाइल पाठवून. साध्या मांडणीत नवी इमेज आधी रॅममध्ये राहते आणि रीबूटच्या वेळी फ्लॅशवर लिहिली जाते. म्हणून रीबूट दिल्यावर वीज जाता कामा नये. यूपीएस नसेल तर करू नका. तुमच्या सेटिंग वेगळ्या भागात असल्याने टिकतात. बोर्डावर दोन फ्लॅश चिपा असतील तर एक कायम चालणारी, न छेडलेली ठेवा.

पासवर्ड, आयपीएमआय, रेडफिश : काय चालू ठेवायचं, काय बंद?

ठरलेला रूट पासवर्ड पहिल्या लॉगिनलाच बदला. रोजच्या कामाला वेगळा युजर करा. नुसते आकडे बघणाऱ्याला रीड-ओन्ली भूमिका पुरते.

आयपीएमआय, म्हणजे सर्व्हर दुरून सांभाळायचं जुनं मानक, 1998 पासूनचं आहे आणि त्याची 2.0 आवृत्ती 2004 ची. जुनी स्क्रिप्टं त्यावर चालतात, म्हणून लोक ते सोडत नाहीत. पण 2.0 च्या लॉगिन पद्धतीतच खोट आहे: युजरचं नाव माहीत असलेल्या कोणालाही बीएमसी पासवर्डपासून बनवलेला हॅश आधीच देऊन टाकतो, आणि तो घरी बसून फोडता येतो. ही मूळ रचनेतली उणीव आहे, कोणत्याही फर्मवेअरने ती भरून निघत नाही. शिवाय पासवर्ड जास्तीत जास्त 20 अक्षरांचा, आणि तो बीएमसीवर परत वाचता येईल अशा रूपात ठेवावा लागतो. माझा सल्ला: नेटवर्कवरचं आयपीएमआय, म्हणजे यूडीपी 623, बंद करा. सर्व्हरच्या आतून होस्ट आणि बीएमसी बोलतात ते आयपीएमआय वेगळं. ते राहू द्या.

रेडफिश हे डीएमटीएफ या संस्थेने 2015 मध्ये आणलेलं मानक. साधं एचटीटीपीएस आणि जेसन, त्यामुळे कर्ल ही वेब विनंत्या पाठवणारी कमांड येत असेल तर तुम्हाला रेडफिश येतंच. नव्या स्क्रिप्ट त्यावरच लिहा.

आणि बीएमसी कधीही, एका दिवसापुरताही, सरळ इंटरनेटवर उघडा ठेवू नका. वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क), आणि बाहेरून यायला व्हीपीएन. पोर्टाबद्दलही हेच: बोर्डावर वेगळा मॅनेजमेंट पोर्ट असेल तर तोच वापरा. होस्टच्या पोर्टातून वाट काढणारी एनसी-एसआय पद्धत केबल वाचवते, पण मग दोन नेटवर्कं एकाच तारेत येतात.

लॉगमधल्या वेळा साडेपाच तास मागे का दिसतात?

बीएमसी यूटीसी पाळतो. तसंच राहू द्या, बघताना बदलून बघा. महत्त्वाचं आहे ते घड्याळ बरोबर असणं. बऱ्याच बोर्डांवर वीज गेली की बीएमसी जुन्या तारखेने उठतो आणि मग टीएलएस प्रमाणपत्रं 'अजून सुरूच झालेली नाहीत' म्हणून नाकारली जातात. घड्याळ जुळवून देणारा एनटीपी सर्व्हर लिहून ठेवा. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरांशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरांशी जुळवायची असतात आणि लॉग 180 दिवस जपायचे असतात. एवढे लॉग बीएमसीच्या फ्लॅशमध्ये मावणार नाहीत, म्हणून ते बाहेरच्या सिसलॉग सर्व्हरला पाठवा.

एवढं करून रोजच्या कामात फरक काय पडतो?

एका जुलैतली सकाळ सांगतो. रात्रभर पाऊस, कल्याण-ठाणे गाड्या बंद, ऐरोलीला जायचा रस्ता नाही. वीज गेल्या-आल्यानंतर महाप्यातला आमचा एक सर्व्हर वर आला नव्हता. घरून व्हीपीएन जोडलं, बीएमसीच्या 2200 पोर्टवर एसएसएच केलं, एंटर दाबलं. होस्टचा सिरियल कन्सोल समोर: देखभालीसाठी रूटचा पासवर्ड द्या, नाहीतर कंट्रोल-डी दाबा. एक डेटा डिस्क जागी झाली नव्हती आणि एफएसटॅब या डिस्कांच्या यादीतल्या तिच्या ओळीमुळे बूट अडला होता. त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह (#) टाकून ती निष्क्रिय केली, रीबूट दिला, सव्वा आठला सेवा चालू. चहा तेवढा गार झाला.

हे जमण्यासाठी होस्टच्या ग्रब या बूटलोडरमध्ये सिरियल कन्सोल आधीच चालू केलेला हवा, 115200 वेगाने. पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यातच, प्रत्येक सर्व्हरवर एकदा तपासा.

वेब पान मराठीत करता येईल का?

करता येईल. वेबयूआय-व्ह्यू या ओपनबीएमसीच्या वेब पानातली सगळी वाक्यं एका जेसन फाइलमध्ये असतात; तशीच मराठी फाइल करायची. अक्षरं ब्राउझर दाखवतो, म्हणून फ्लॅशमध्ये फॉन्ट ठेवावा लागत नाही. माझी फाइल निम्म्याहून थोडी पुढे गेली आहे. 'पंखा', 'तापमान', 'धोक्याची मर्यादा' सहज बसले. 'होस्ट' ला मी 'यजमान' करून पाहिलं आणि परत 'होस्ट' केलं, कारण रॅकपुढे उभं राहून कोणीही यजमान म्हणत नाही.

मी केलेला बदल मूळ प्रकल्पात कसा पाठवू?

आधी योगदानाच्या करारावर सही करावी लागते. नोकरी करत असाल तर कंपनीच्या वतीने आहे का स्वतःच्या, ते ठरवा आणि साहेबांशी बोला. मग पॅच गेरिट या कोड तपासायच्या संकेतस्थळावर जातो, तिथे देखभाल करणारे लोक ओळ न् ओळ वाचतात. माझा पहिला पॅच एका सेन्सरच्या मर्यादेचा होता, चार ओळींचा. त्यावर सात शेरे आले, त्यांतले पाच कमिट संदेशावर: बदल काय केला ते कोडमध्ये दिसतंय, *का* केला आणि *कसा तपासला* ते लिहा. मी वही उघडली, हेअर ड्रायर धरून घेतलेले आकडे तसेच्या तसे लिहिले, आणि तिसऱ्या फेरीत पॅच घेतला गेला.